काचघरातली दाढी

१६ फेब्रुवारी

वन्संना वहिनीचा नमस्कार, आणि भाऊजींनाही, वर्तमानपत्रातून डोकं वर काढतील तेव्हा.

फोनच करणार होते. पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे शेजारच्या सगळ्या बिऱ्हाडांना आपलं गुपित कळतं आणि तुम्हालाच तेवढं कळत नाही. रागावू नका. कान तुमचे गेलेत, पण घसा माझा बसतो. त्यापेक्षा पत्र बरं.

तुम्ही निघताना बसच्या पायरीवरून ओरडलात ना, "वहिनी, गच्चीवरच्या काचघराचं कुलूप तरी उघड!" उघडलं एकदाचं. तुमचे दादा गेल्यापासून मी तो जिनाच चढले नव्हते. किल्ली हातात घेऊन दोनदा अर्ध्यातून खाली आले, गुडघ्यांवर खापर फोडून. तिसऱ्यांदा वर पोचले.

आत पाऊल टाकलं आणि आधी ऊबच लागली अंगाला. बाहेर वारा नाक कापत होता आणि आत कुणीतरी नुकतंच अंथरुणातून उठून गेल्यासारखं होतं. कुंड्या सगळ्या वाळून गेलेल्या. पण काचा धड आहेत. तुम्हाला माहीतच आहे, सगळा जन्म त्यांनी लोकांच्या खिडक्यांना काचा बसवून जे तुकडे उरले, त्यांचं हे घर. एक बाजू कुणाच्या न्हाणीघराच्या धुरकट काचेची, एक दुकानाच्या जाड काचेची. दाराला दाताच्या डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्याची काच, तिच्यावर अजून वाचता येतं, 'कृपया शांत बसा'. मी बसले. बराच वेळ बसले आणि रडून घेतलं, मग केरसुणी आणली.

झाडताना फळीवर बिस्किटांचा डबा सापडला. आत कागदाची पुडी, वर त्यांच्या अक्षरात 'आजीबाई'. तुमच्या आईचा टोमॅटो, वन्सं! मला इतका आनंद झाला की तिथल्या तिथे माती भिजवली आणि सगळं बी पेरून टाकलं. काल पहिली रोपं वर आली. माना खाली घालून उभी आहेत, उशिरा वर्गात आलेल्या मुलींसारखी. मी सकाळचा चहा आता वरच नेते.

तुमची भाची रोज फोन करते, "आई, तू एकटी काय करतेस तिथे? कायमची इकडे ये." परवापर्यंत मी नुसतं 'बघू' म्हणायचे. आता म्हणते, थांब, रोपं लहान आहेत.

भाऊजींना दाढीचं यंत्र आवडलं का? दादांची आठवण म्हणून दिलं, खोकंही न उघडता. त्यांचे कपडे भाऊजींना पुरेनात, चपला होईनात, दुसरं काही सुचलंच नाही.

तुमची,
वहिनी

२ मार्च

वहिनी,

सगळं बी? सगळं?

नमस्कार-चमत्कार नंतर, आधी रागावू दे मला. शिवायला बसलीस की चिंधीसुद्धा टाकत नाहीस, पिशव्या भरून ठेवतेस. चाळीस खिडक्यांच्या पडद्यातून उशीचा अभ्रा काढणारी बाई तू! हातचं राखून पेरावं, हे तुला मी सांगायचं?

तुला कल्पना आहे का काय केलंस त्याची? आजीबाई कुठल्या दुकानात मिळत नाही. आईच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ती उगवायची, नारिंगी, वाकडीतिकडी, वर सुरकुत्याच सुरकुत्या. दादानेच तिला आजीबाई नाव दिलं आणि आईचा मार खाल्ला. आई गेल्यावर बी दादाकडे आलं. त्याने मलाही तीनदा दिलं आणि तिन्ही वेळा माझ्या गॅलरीत रोपांनी राम म्हटला. सगळा जन्म मी पोरांना जगातली पिकं नकाशावर दाखवली, पण घरच्या कुंडीत मला पुदिना जगवता आला नाही. शेवटी दादा म्हणाला, "तू आता फक्त खायला ये." तेव्हा जगात जेवढी आजीबाई आहे, तेवढी तुझ्या त्या कुंड्यांत आहे. तिला फळ धरलं तर पुढे बी. नाही धरलं तर संपली.

घाबरवत नाही. बरं, थोडी घाबरवतेच.

आता मी वाचनालयात जाऊन पुस्तकं आणली आहेत आणि इथे बसून उंटावरून शेळ्या हाकणार आहे. रोपांना चार खरी पानं आली की वेगळ्या कुंडीत लाव. देठ खोल पूर. पाणी मुळाशी, पानावर नाही. आणि रोज त्यांच्याशी बोल. हे पुस्तकात नाही, पण दादा बोलायचा.

दाढीच्या यंत्राचं सांगू का? यांनी पहिल्या दिवशी मोठ्या प्रेमाने गालावर फिरवलं. नुसतं गुरगुरतं, कापत काही नाही. वर शिंका सुरू झाल्या. मी म्हटलं, चांगल्या वस्तूची सवय नाही तुम्हाला. पण खरंच एक केस निघत नाही, वहिनी. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी,
नणंद (रागावलेली, पण तुझीच)

११ एप्रिल

वन्संना नमस्कार.

यंत्राचं वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगलं चालत होतं हो ते. तुमच्या भाचीने दादांना वाढदिवसाला दिलं होतं, ते दाढी काढतील या आशेने. दाढी काही निघाली नाही, पण यंत्र मात्र रोज वापरायचे. आठवण म्हणून मोडकी वस्तू दिली असं भाऊजींना वाटायला नको. दुरुस्त होतं का बघा.

आता चांगली बातमी. आजीबाईला फुलं आली!

बारा झाडं माझ्या खांद्याला लागली आहेत. मी त्यांना काठीला बांधलंय, पडद्यांच्या किनारी कापून. सुतळीने देठ कापला जातो, कापडी पट्टी त्याच्याबरोबर सैल होते. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, वन्सं, हे माझं मलाच सुचलं. तुमचे दादा म्हणायचे, "मी लोकांच्या घरात उजेड आणतो आणि ही पडदे शिवून तो अडवते." आता बघा म्हणावं, त्यांच्या उजेडात माझे पडदे उभे आहेत.

तिथे किती बरं वाटतं ते तुम्हाला कसं सांगू? सकाळी काचांना आतून घाम आलेला असतो. मी फडक्याने एक गोल पुसते आणि त्यातून खालची गल्ली बघते. दूधवाला, शाळेच्या रिक्षा, समोरच्या बाईंचं वाळत घालणं. कुणाला मी दिसत नाही. मग ऊन न्हाणीघराच्या काचेतून येतं, मऊ, आणि दुकानाच्या काचेतून येतं, टोचणारं, म्हणून नाजूक कुंड्या या बाजूला आणि दांडग्या त्या बाजूला. पानांना हात लागला की बोटं हिरवी होतात आणि तो उग्र वास दुपारपर्यंत जात नाही. शिवताना कापडाला लागतो. मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक पडद्याचा वास घेऊन म्हणाली, "हे काय?" मी म्हटलं, बाग.

आणि मला भूक लागायला लागली आहे. इतके महिने नुसतं पोटात ढकलत होते. परवा वर बसून पाव खाल्ला आणि दुसरा आणायला खाली उतरले, गुडघे दुखत असूनही.

फुलं अगदी लहान आहेत. पिवळी, पाकळ्या मागे वळलेल्या, मधे टोकदार चोच. पाच-सहाचा एक घोस. मी रोज सगळ्यांची विचारपूस करते.

पुढे काय करू ते कळवा. फळं लागली की तुम्हाला पहिलं.

तुमची,
वहिनी

१९ एप्रिल

वहिनी,

शाब्बास! पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवलं. (मोठ्याने म्हणजे माझ्या मोठ्याने. खालच्या मजल्यानेही ऐकलं.) किनारीच्या पट्ट्यांची तर मी शेजारणीजवळ फुशारकी मारली, जणू मीच शोधून काढल्या.

पण गाफील राहू नकोस. फुलं आल्यावरच खरी परीक्षा, असं पुस्तकात लिहिलंय. पांढरी माशी, मावा, काय काय नावं आहेत! तेव्हा माझं ऐक. काचघराची दारं-खिडक्या बंद ठेव. झडपा लावून घे. वाऱ्याचा झोत नको, बाहेरचा किडा-मुंगी आत यायला नको. पाणी जरा वाढव. आतलं जग आत राहू दे. शाळेत मी हेच करायचे, शेजारच्या वर्गाचा वारा माझ्या वर्गाला लागू द्यायची नाही.

यांनी यंत्र दुकानात दिलंय. तू कशाला मेल्याहून मेलेली होतेस? हे तर खूश आहेत, दुकानात जाऊन दोन तास गप्पा मारायला निमित्त मिळालं.

मे महिन्यात फळांची बातमी हवी.

तुझी,
नणंद

७ मे

वन्सं,

फुलं गळताहेत.

आधी दोन पडली, मला वाटलं माझाच धक्का लागला. मग रोजच. देठाला मधे एक गाठ असते, ती पिवळी पडते आणि फूल तिथून सुटतं. हात लावायचा अवकाश. तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. दारं बंद, झडपा बंद, एक माशी आत येऊ दिली नाही. पाणी वाढवलं. मग वाटलं जास्त झालं, कमी केलं. खत दिलं तर पानं अशी माजली की काचेला टेकली, पण फळाचं नाव नाही. आज सकाळी मी केरसुणीने फुलं झाडली, वन्सं. सुपडीभर पिवळी फुलं. तुमच्या आईची, दादांची. एवढा वंश त्यांनी सांभाळला आणि माझ्या हातात आला तर मी केरात टाकला.

बी सगळं पेरलं नसतं तर आणखी एक वर्ष मिळालं असतं. तुम्ही रागावलात ते खरंच होतं.

वरच्या शेंड्यांना अजून थोड्या कळ्या आहेत. त्याही तशाच जाणार.

भाचीला अजून सांगितलं नाही. ती म्हणते या महिन्याअखेरीस न्यायला येते. येऊ दे. मी इथे राहून काय राखणार आहे? झाडांनाही कळलं असणार, माणूस बदललंय ते.

आता मला तिथली शांतताच नकोशी होते. 'कृपया शांत बसा' वाचलं की चिडायला होतं. पूर्वी तिथे सकाळी आवाज असायचा. चहा झाला की दादा यंत्र घेऊन वर जायचे आणि जिन्यातून गुरगुर खाली यायची. पहिल्यांदा मी खालून विचारलं होतं, "वर काय चाललंय?" तर म्हणाले, "दाढी करतोय." मी म्हटलं, खाली आरसा आहे की. म्हणाले, "इथे उजेड बरा." एवढी छातीपर्यंत दाढी, तिच्या कडा नीट करत असतील म्हणून मी सोडून दिलं. सगळ्यांना सांगायचे, आमच्या ह्यांना दाढीला काचेचा महाल लागतो. फुलांच्या दिवसांत तर रोज. खाली माझं शिवणयंत्र, वर त्यांचं यंत्र. वन्सं, मला त्यांच्या बोलण्याइतकीच त्या आवाजाची सवय झाली होती, हे आत्ता लिहिताना कळतंय.

जास्त लिहवत नाही.

वहिनी

१२ मे

वहिनी, वहिनी, वहिनी!

आधी हे कर: पत्र खाली ठेव, वर जा आणि काचघराची सगळी दारं-झडपा उघड. मग पुढचं वाच.

उघडलीस? आता ऐक.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवत होते. रडत होते, खोटं कशाला सांगू. आईची आजीबाई गेली म्हणून आणि तू भाचीकडे निघालीस म्हणून. दाढीच्या मजकुरापर्यंत आले तेव्हा हे वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "छातीपर्यंत दाढी असलेला माणूस रोज दाढी करतो?"

मी म्हटलं, कडा.

हे म्हणाले, "कडा कशाने? त्यात पातीच नाहीत." आणि मग यांनी मला जे सांगितलं ते यांनी आठवडाभर पोटात ठेवलं होतं, तुला वाईट वाटेल म्हणून. दुकानदाराने यंत्र उघडलं तर आत पाती मुळातच नाहीत. मोडली नाहीत, कुणीतरी व्यवस्थित स्क्रू काढून बाजूला केलीत. आणि आधी टोकावर मखमलीची टोपी होती, दोऱ्याने बांधलेली. यांनी ती पहिल्याच दिवशी वेष्टण समजून सोडली आणि खणात टाकली होती. मी खण उपसला. सापडली. तांबडी मखमल, आणि तिच्यात पिवळी धूळ अशी बसली आहे की झटकली तर मलाही शिंका आल्या.

पिवळी धूळ, वहिनी!

मी पुस्तकं परत उघडली. मी फक्त कीड आणि खताची पानं वाचली होती, शहाणी ना मी! त्याच्या पुढच्याच प्रकरणात लिहिलंय. टोमॅटोच्या फुलात पराग आतल्या आत कोंडलेला असतो, त्या चोचीत. तो आपण होऊन पडत नाही. वाऱ्याने फूल हललं पाहिजे, नाहीतर भुंग्याने त्याला लटकून गुरगुर केली पाहिजे. मग पराग झडतो, मग फळ. काचघरात ना वारा ना भुंगा. आणि थोडाफार येत असेल तर तुझ्या या विद्वान नणंदेने दारं लावून घ्यायला सांगितलं!

दादा दाढी करत नव्हता. दादा भुंगा झाला होता.

तुला एकदा गंमत म्हणून 'दाढी करतोय' म्हणाला असेल. तू ते खरं मानलंस, आणि मग त्याला ती गंमत मोडवली नसेल. लहानपणीही तो असाच. एकदा आईला म्हणाला मला दूध आवडतं, तर नंतर सगळा जन्म नाक मुरडत दूध प्यायला.

यंत्र आजच कुरियरने पाठवतेय. ते पोचेपर्यंत फुलाच्या देठाला बोटाने टिचकी मार. हळू. सकाळी, ऊन आल्यावर. वरच्या कळ्या अजून आहेत म्हणालीस ना? त्या माझ्यासाठी राख. आणि भाचीला सांग, न्यायला येऊ नकोस, बघायला ये.

तुझी,
चुकलेली आणि नाचणारी नणंद

२१ मे

वन्सं,

यंत्र काल पोचलं.

मखमल मी ओळखली. नाट्यगृहाचा मोठा पडदा शिवला होता ना मी, तांबडा, तीन महिने घरात पाय ठेवायला जागा नव्हती, त्याची ही चिंधी. माझ्या पिशवीतून घेतली त्यांनी. देठाला खरचटू नये म्हणून. आणि ती टोपी शिवलीय कशी माहीत आहे? एवढ्याएवढ्या टोकाला चार टाके, चारही वाकडे. माझ्या घरात, मला न विचारता, सुई घेऊन बसले होते तुमचे दादा! मला म्हटलं असतं तर मी दोन मिनिटांत शिवून दिली असती. पण मग दाढीची गोष्ट उघडी पडली असती.

टाके मी उसवले नाहीत. तशीच टोपी पुन्हा चढवली.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा मीच बांधून दुसऱ्या गावाला पाठवून दिला होता, तोही प्रेमाने.

आज सकाळी ऊन आल्यावर वर गेले. झाडांच्या शेंड्याला तेवढी फुलं उरली आहेत, खालची सगळी गेली. यंत्र सुरू केलं आणि घोसाच्या देठाला टेकवलं. वन्सं, फुलातून धूर निघाला. म्हणजे धूळच, पण उन्हात अशी तरंगली, पीठ चाळताना उडतं तशी. मी दुसऱ्याला टेकवलं, तिसऱ्याला टेकवलं. आणि त्या काचांमधे तो आवाज घुमायला लागला. तोच, रोजचा. मी यंत्र बंद केलं नाही. सगळी फुलं झाली तरी हातात धरून बसले.

फळ धरेल की नाही देव जाणे. पण इतकी वर्षं मला वाटायचं, सकाळचा तेवढा वेळ ते माझ्यापासून लांब जाऊन बसतात. मी मनात धरलं होतं थोडंसं. ते गेलं आज.

भाचीला फोन केला. म्हटलं, बघायला ये. सामानासाठी पेटी आणू नकोस.

वहिनी

१८ जून

वहिनी,

हे बरं नाही. महिना होत आला, तुझं पत्र नाही. रोज पोस्टमनला गाठते, तर तो आता मला बघून रस्ता बदलतो. फळ धरलं का? नसेल धरलं तर तसं सांग. मी दणकट आहे, ऐकेन. म्हणजे वाचेन. पण गप्प राहू नकोस.

हे म्हणतात, पी हळद नि हो गोरी असं करू नकोस, झाडाला वेळ लागतो. स्वतः मात्र जेवताना दोनदा विचारतात, "आलं का पत्र?"

नणंद

२७ जून

वन्सं,

मुद्दामच लिहिलं नाही. दृष्ट लागेल असं वाटलं, म्हणा तर म्हणा वेडी.

आधी देठाची गाठ पिवळी पडली नाही. मग फूल वाळलं पण सुटलं नाही. त्याच्या बुडाशी टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग वाटाणा. मग लिंबू. तुमची भाची आली तेव्हा तिला हात धरून वर नेलं, तर ती म्हणाली, "आई, तू जिना धावत चढलीस." मला पत्ताच नव्हता.

मला न्यायला येणार होती तीच ती. पेटी न आणता आली आणि आठवडाभर राहिली. रोज सकाळी यंत्र तिने फिरवलं. म्हणाली, "मी दिलं तेव्हा बाबा किती खूश झाले होते, आणि दाढी तशीच. मला वाटलं होतं माझं मन राखतायत." जाताना म्हणाली, "तू इथेच बरी आहेस. सुट्टीत मीच येते." मी तिच्या हातात एक रिकामी कुंडी दिली.

सात फळं धरली आहेत. एक फुटलं, पाण्याचा अंदाज चुकला माझा. सहा आहेत. अजून हिरवी, पण सुरकुत्या पडायला लागल्यात. खांद्यापाशी, अगदी आजीबाई.

वहिनी

९ ऑगस्ट

वन्संना नमस्कार.

सोबत खोकं आहे, हळू उघडा. कापसात एक आजीबाई आहे. हिला पिकताना मी पाहिलं, दुकानाच्या काचेकडच्या बाजूला, रोज थोडी नारिंगी.

कापडाच्या छोट्या थैलीत बी आहे. दोन फळांचं बी काढून, धुऊन, पडद्याच्या कापडावर वाळवलं. चार थैल्या शिवल्या. एक तुमची, एक भाचीची, एक त्या बिस्किटांच्या डब्यात, आणि एक माझ्या शिवणाच्या पेटीत, कुणाला न सांगता. हातचं राखायला शिकले.

तुमच्या गॅलरीत तीनदा राम म्हटलेलं मला माहीत आहे. चौथ्यांदा पेरा.

एक फळ मी आणि समोरच्या बाईंनी खाल्लं, काचघरात, मीठ लावून. त्यांना मी आता वरून दिसते. हात करते ना मी.

तुमची,
वहिनी

३० ऑक्टोबर

वहिनी,

उशीर झाला, पण रिकाम्या हाताने लिहायचं नव्हतं.

तुझी आजीबाई त्याच दिवशी खाल्ली. यांना अर्धी दिली, ते मला सोपं गेलं नाही. तू विचारशील, चव आईच्या हातची तीच का? खरं सांगू? मला आठवत नाही. तेव्हा मी एवढीशी होते, आणि दादा माझ्या वाटणीचं खाऊन टाकायचा. मी हीच ती चव असं ठरवून टाकलंय, आता मला कोण खोटं पाडणार? पण देठ तोडला तेव्हा बोटांना जो वास आला ना, उग्र, हिरवा, तो मात्र मी ओळखला. मागच्या दाराची पायरीच आठवली एकदम, ओली.

बी पेरलं. अर्धंच. दोन रोपं जगली, वहिनी! किनारीच्या पट्ट्यांनी बांधली आहेत, यांच्या जुन्या सदऱ्याच्या. परवा पहिली फुलं आली.

आता तुला हसायला येईल ते सांगते. आमची गॅलरी उघडी. वारा असा की वाळत घातलेले कपडे शेजारी जातात. परागाला यंत्राची काही गरज नाही, पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, मी यांना पान काढून दाखवलं. यांनी वाचलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन स्वतःसाठी एक दाढीचं यंत्र घेऊन आले. पाती काढून ठेवली. टोपी मला शिवायला लावली, मला, जिला बटण लावता येत नाही! तिचेही चारही टाके वाकडे आले.

आता रोज चहा झाला की गॅलरीत जाऊन उभे राहतात. मला तो आवाज येत नाही, पण मी देठाला बोट लावून ठेवते, म्हणजे कळतो. काल पलीकडच्या गॅलरीतून शेजाऱ्यांनी ओरडून विचारलं, "काय हो, सकाळी सकाळी काय चाललंय?"

गुळगुळीत गालाचा हा माणूस मागे वळून न बघता मोठ्याने म्हणाला, "दाढी करतोय."

तुझी,
नणंद